मॅक्सी-स्कूटरचा पहिला दिवस: नेरूळ ते खोपोली आणि परत

अकरा वर्षं ॲक्टिव्हा चालवल्यावर मी 155 सीसीची मॅक्सी-स्कूटर घेतली. शोरूममधून घरी आणली, आणि त्याच संध्याकाळी सोसायटीच्या गेटसमोर यू-टर्न घेताना ती एका बाजूला कलली. पाय वेळेवर टेकला म्हणून गाडी पडली नाही, मीही नाही. स्कूटर येते म्हणजे हीसुद्धा येईल असं मी धरून चालले होते. हँडलवर गिअर नाही, क्लच नाही, डाव्या हाताला मागचा ब्रेक. सगळं ओळखीचंच दिसत होतं. पण वजन वेगळं, बसणं वेगळं, वळणं वेगळं. पुढच्या रविवारी मी एक अख्खा दिवस काढला आणि गाडीशी ओळख करून घेतली. नवी मुंबईतलं नेरूळ, पाम बीच रस्ता, पनवेल, जुन्या हायवेने खोपोली आणि परत: जाऊन-येऊन शंभर-सव्वाशे किलोमीटर. नव्याने अशी गाडी घेणाऱ्याने पहिला दिवस कसा घालवावा, ते त्या क्रमाने सांगते.

मॅक्सी-स्कूटर म्हणजे लांब, रुंद, पाय पुढे पसरून बसायची स्कूटर. ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. पुण्याच्या कायनेटिकने 2006 साली 165 सीसीची ब्लेझ आणली होती. ती काळाच्या जरा आधीच आली. आता बाजारात सुझुकीची बर्गमन स्ट्रीट 125 आहे, यामाहाची एरॉक्स 155 आहे, हीरोची झूम 160 आहे, आणि खिसा फारच मोठा असेल तर बीएमडब्ल्यूची सी 400 जीटी. हे सगळं एकाच नावाखाली येतं, पण बर्गमनची लहान चाकं आणि एरॉक्सची 14 इंची चाकं यांची तुलना करत बसू नका, बर्गमन स्ट्रीटला सुरुवातीला मागचं चाक 10 इंचीच होतं. मोठ्या चाकाची गाडी खड्ड्यात कमी आपटते आणि वेगात स्थिर राहते. आपल्या गाडीची चाकं किती इंचांची आहेत हे आधी पाहा. खालचा बराचसा सल्ला त्यावरून थोडा इकडे-तिकडे होईल.

आदल्या रात्री, पार्किंगमध्ये

गाडी सुरू न करता अर्धा तास तिच्याबरोबर घालवा. हा अर्धा तास वाचवू नका.

आधी चढणं-उतरणं. बहुतेक मॅक्सी-स्कूटरना पायांच्या मधोमध उंचवटा असतो, सपाट फळी नसते. म्हणजे नेहमीसारखा समोरून पाय आत घालता येत नाही, बाइकसारखा मागून पाय टाकावा लागतो. साडी किंवा घेरदार कुर्ता असेल तर हे आधी करून पाहायलाच हवं. मंडईची पिशवी पायांत ठेवायची सवयही सोडावी लागते. बर्गमनसारख्या काही गाड्यांना सपाट जागा असते. तांदळाची दहा किलोची पिशवी दर महिन्याला गाडीवरून आणणारं घर असेल, तर हा फरक खरेदीच्या आधीच विचारात घ्या.

उंचवट्यात बऱ्याचदा पेट्रोलची टाकी असते आणि झाकणही तिथेच. पंपावरचा माणूस सवयीने सीट उघडायची वाट पाहतो. उतरायच्या आधीच “झाकण पुढे, मधे आहे” असं सांगा. टाकी लहान असते. एरॉक्सची साडेपाच लिटरची. लिटरला 40 किलोमीटर धरले तर कागदावर 220 होतात, पण मी 150 झाले की भरून घेते.

मग मेन स्टँड. नव्या माणसाची सगळ्यात जास्त दमछाक इथे होते. एरॉक्स 126 किलोची, झूम 160 सुमारे 142 किलोची. ॲक्टिव्हापेक्षा वीस ते पस्तीस किलो जास्त. गाडी हातांनी उचलायची नसते. डावा हात हँडलवर, उजवा मागच्या दांडीवर, उजवा पाय स्टँडच्या जिभेवर. स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकले आहेत याची खात्री करा, आणि मग सगळं अंगाचं वजन त्या पायावर द्या. गाडी आपोआप मागे सरकून चढते. हात फक्त तोल धरतात. पाच वेळा चढवा, पाच वेळा उतरवा.

साइड स्टँड लावला की इंजिन बंद पडतं, हे या गाड्यांवर आता सर्रास असतं. सकाळी घाईत गाडी सुरू होत नाही असं वाटलं तर आधी तिथे पाहा, मग इंजिन बंद करायचं लाल बटण पाहा, मग ब्रेक दाबलाय का ते पाहा. काही गाड्यांत सिग्नलला थांबल्यावर इंजिन आपोआप बंद होतं आणि अॅक्सिलरेटर पिळताच सुरू होतं. ती सोय चांगली आहे, पण पहिल्या दिवशी बटणाने बंदच ठेवा. इंजिन बंद पडलं असं समजून हात आवळला जातो, आणि गाडी झटक्यात पुढे जाते.

आणि एक गोष्ट आधीच माहीत असू द्या: यातल्या बहुतेक गाड्यांना किक नसते. ढकलून सुरू करणंही नाही, ते का हे पुढे येईल. बॅटरी उतरली म्हणजे उतरली. दोन-तीन आठवडे गाडी उभी राहणार असेल तर मधे एकदा खाली उतरा आणि वीस मिनिटं चालवून या. नुसती जागेवर सुरू ठेवू नका.

शेवटी हवा. मॅन्युअलमध्ये एकट्यासाठी आणि डबलसीटसाठी वेगवेगळे आकडे असतात. टायर थंड असताना तपासा. आरसे बसून लावा, उभं राहून नाही.

पट्टा समजून घ्या

या गाडीची प्रत्येक खोड एका रबरी पट्ट्यातून येते. तो समजला की गाडी समजली. म्हणून रस्त्यावर जाण्याआधी दोन मिनिटं इथे थांबा.

इंजिनाकडून मागच्या चाकाकडे ताकद नेणारा एक जाड पट्टा असतो, दोन कप्प्यांवर फिरणारा. पुढच्या कप्पीत छोटे गोल वजनाचे रोलर असतात. इंजिनाचे फेरे वाढले की ते रोलर बाहेर ढकलले जातात, कप्पीचे दोन भाग जवळ येतात, पट्टा वर चढतो, आणि मागच्या कप्पीत तेवढाच खाली उतरतो. म्हणजे गिअर बदलत राहतात, पण पायऱ्यांनी नाही, घसरगुंडीसारखे सलग. मागच्या कप्पीशी एक क्लच असतो. फेरे वाढले की त्याचे लायनर, म्हणजे घासून पकड घेणारे तुकडे, बाहेर फेकले जातात, भोवतीच्या डब्याला चिकटतात आणि चाक फिरू लागतं. फेरे कमी झाले की ते सुटतात.

यातून तीन गोष्टी निघतात. एक: अॅक्सिलरेटर पिळल्यावर पहिला थोडा भाग रिकामा जातो, कारण लायनर अजून चिकटलेले नसतात, मग गाडी एकदम धरते. दोन: वेग दहा-बारावर आला की क्लच सुटतो, आणि गाडी इंजिनापासून मोकळी होऊन सायकलसारखी वाहू लागते. माझ्या यू-टर्नमध्ये नेमकं हेच झालं होतं. वळता वळता मी हात सोडला, ताकद निघून गेली, आणि कललेल्या गाडीला सावरायला काही उरलं नाही. तीन: इंजिन बंद असताना चाकाचा आणि इंजिनाचा संबंधच नसतो, म्हणून ढकलून ती कधीच सुरू होत नाही.

पहिला अर्धा तास: रिकामा रस्ता

सकाळी सहाला नेरूळच्या सेक्टरांतले आतले रस्ते मोकळे असतात. तिथे एकच सराव करा. हळू चालताना अॅक्सिलरेटर किंचित उघडा ठेवा, म्हणजे क्लच धरलेला राहील, आणि वेग डाव्या हाताच्या मागच्या ब्रेकने कमी-जास्त करा. अॅक्सिलरेटर उघडा आणि ब्रेकही दाबलेला, हे सुरुवातीला विचित्र वाटतं. पण याच एका युक्तीने गाडी चालण्याच्या वेगातही दोरीसारखी सरळ राहते. वळताना पुढच्या ब्रेकला हात लावू नका. हळू वेगात, हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला की गाडी त्याच बाजूला बसते. नजर समोरच्या चाकावर नको, जिथे जायचं तिथे. दहा यू-टर्न डावीकडे, दहा उजवीकडे. कंटाळा येईपर्यंत करा.

नवे टायर गुळगुळीत असतात. पहिले शंभर किलोमीटर वळणावर जास्त झुकू नका, आणि रंगवलेले पट्टे, गटारांची झाकणं, वाळू यांच्यावर ब्रेक नको. ब्रेकही नवे असतात. सुरुवातीला मधूनमधून हलके दाबत राहा, म्हणजे पॅड बसतील. बहुतेक गाड्यांना एबीएस (ब्रेक जोरात दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय) असलंच तर फक्त पुढच्या चाकाला असतं. मागचा ब्रेक जोरात दाबला तर चाक घसरतंच. हे रिकाम्या सरळ रस्त्यावर, वीसच्या वेगात, एकदा अनुभवून ठेवा.

पाम बीचवरून पनवेलकडे

पाम बीच रस्ता हा पहिल्या दिवसासाठी आपल्याकडचा सगळ्यात चांगला वर्ग आहे: रुंद, गुळगुळीत, उजव्या हाताला खाडी आणि पाणथळ जागा. हिवाळ्यात तिथे फ्लेमिंगो उतरतात. पाहायचे असतील तर कडेला नीट थांबून पाहा, चालवता चालवता नको. खाडीवरून आडवा वारा येतो आणि गाडीचं रुंद अंग तो पकडतं. हँडल आवळू नका. आवळलं की डगमग वाढते. गुडघे आणि कंबर सैल सोडा.

पाय पुढे पसरून बसणं इथे मजेचं वाटेल. पण स्पीडब्रेकर आला की पाय मागे, सपाट भागावर घ्या. पाय पुढे असताना सगळा दणका थेट मणक्यात जातो, कारण उभं राहून अंग उचलायला आधारच नसतो. या गाड्यांचं मागचं सस्पेन्शन बरंच कडक असतं, आणि जमिनीपासून उंचीही फार नसते. एरॉक्सची 145 मिलिमीटर. सोसायट्यांच्या गेटवर हौसेने बांधलेले उंच ब्रेकर तिरके, सावकाश पार करा.

किल्ले गावठाणापाशी डावीकडे बेलापूरमधून सायन-पनवेल हायवेला लागा. ठाण्याहून येणारे ठाणे-बेलापूर रस्त्याने इथपर्यंत येतील. ठाणेकरांना माझी विनंती एवढीच, की पहिल्याच दिवशी घोडबंदर रस्त्याकडे जाऊ नका. अवजड गाड्या आणि खड्डे यांच्यामधून रुंद गाडी काढणं हे शिकायचं काम आहे, पण ते पहिल्या रविवारचं नाही.

खारघर, कामोठे आणि मग कळंबोली. इथे लक्ष ठेवा. पोलाद बाजारामुळे लांबलचक ट्रेलर असतात, आणि इथेच एक्स्प्रेसवे सुरू होतो. एक्स्प्रेसवेवर दुचाकींना बंदी आहे. गाडी दिसायला मोठी आणि वेगाने धावणारी असली तरी कायद्याने ती दुचाकीच. अटल सेतूवरही तिला जाता येत नाही. फलक पाहून पनवेल शहराचा रस्ता धरा, आणि ट्रेलरच्या डाव्या कुशीत शिरू नका. गाडीची रुंदी आरशांसकट मोजायची सवय अजून हाताला नसते.

पळस्पे ते खोपोली

पळस्पे फाट्यावरून जुना मुंबई-पुणे हायवे. नवं इंजिन रुळायला असा रस्ता शोधून सापडणार नाही: गावं येतात, वेग उतरतो, पुन्हा चढतो. नव्या इंजिनाला हेच हवं असतं. एकाच वेगाने तासभर चालवू नका, आणि पूर्ण पिळू तर नकाच. मॅन्युअलमध्ये पहिल्या हजार किलोमीटरसाठी मर्यादा दिलेली असते, ती पाळा. एरॉक्ससारख्या इंजिनात 6000 फेऱ्यांच्या आसपास व्हॉल्व्हची चाल बदलते आणि गाडी नव्या जोमाने ओढते. तो मोह हजार किलोमीटरनंतरसाठी ठेवा.

ओव्हरटेकच्या वेळी आणखी एक खोड कळेल. हात पिळला की आवाज आधी वाढतो, वेग नंतर. पट्टा खाली उतरून पुन्हा चढतो, त्याला तेवढा वेळ लागतो. म्हणून समोरची एसटी मागे टाकायची असेल तर आधी अंतर ठेवा, मागेच थोडा वेग घ्या, मग बाहेर या. तिच्या मागे चिकटून ऐनवेळी पिळलं तर समोरून येणाऱ्याच्या तोंडावर आपण अडकतो.

चौक या गावाला थांबा. चहा घ्या, पाय मोकळे करा. इथून इर्शाळगड दिसतो, आणि नवी मुंबईला पाणी देणारं मोरबे धरण याच भागात आहे. मला इथे थांबायला आवडतं. नेरूळच्या नळाचं पाणी कुठून येतं ते गाडीमुळे पाहायला मिळालं. निघताना सीटखालची डिकी उघडून हात लावून पाहा. खाली इंजिन असल्याने ती तापलेली असते. बाकरवडी चालेल, पेढे आणि औषधं नकोत. हेल्मेट आत मावतं का, हे तुमच्या हेल्मेटवर आहे. खरेदीच्या वेळी स्वतःचं हेल्मेट नेऊन पाहणं सगळ्यात बरं.

घाट: चढ आणि मुख्य म्हणजे उतार

खोपोली हे पाताळगंगेकाठचं गाव. 1915 पासून टाटांचं जलविद्युत केंद्र इथे आहे. नाश्ता इथेच करा. मग जुन्या बोरघाटाने शिंग्रोबाच्या देवळापर्यंत चढा आणि तिथून परत फिरा. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं हे ठाणं, असं सांगतात. येणारेजाणारे थांबून नमस्कार करतात, मीही करते. पहिल्या दिवशी त्याच्या पुढे जाऊ नये. शिकायचं ते तेवढ्यातच शिकून होतं.

चढावर गाडी थांबली तर ती ब्रेकने धरा. अॅक्सिलरेटरवर तोलून धरायची सवय पुष्कळांना असते. त्यात लायनर सतत घासतात, तापतात आणि जळका वास येतो. निघताना मागचा ब्रेक दाबून ठेवा, अॅक्सिलरेटर उघडा, गाडी ओढू लागल्याचं जाणवलं की ब्रेक सोडा.

उतार हा या सगळ्या दिवसाचा गाभा आहे. बाइकवाले खालचा गिअर टाकतात आणि इंजिन गाडीला आवरतं. आपल्याकडे तो गिअर नाही. त्यात, उतारावर अगदी हळू निघालं आणि अॅक्सिलरेटर पूर्ण बंद असला, तर क्लच सुटलेलाच राहतो. गाडी मोकळी वाहते आणि बघता बघता वेग घेते. उपाय सोपा आहे: उताराला लागताच अॅक्सिलरेटर क्षणभर किंचित पिळा आणि सोडा. लायनर चिकटतात, मग चाक इंजिनाला फिरवू लागतं आणि गाडीला थोडा आवर बसतो. फरक सीटवर बसल्या बसल्या जाणवतो. वळणाच्या आधी वेग खाली आणताना तो दहा-बाराच्या खाली जाऊ देऊ नका. गेलाच तर पुन्हा एकदा पिळून घ्या.

इंजिनाचा हा आवर हलकाच असतो, म्हणून ब्रेक लागतातच. ते सतत धरून ठेवू नका. मागे ड्रम असेल तर तो तापतो, आणि तापला की लिव्हर दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. दोन्ही ब्रेक एकत्र, सरळ भागात, वळणाच्या आधी नीट दाबा, वेग उतरवा, सोडा, त्यांना थंड होऊ द्या. लिव्हर मऊ लागली किंवा वास आला तर सुरक्षित जागी थांबून पंधरा मिनिटं बसा. इंजिन बंद करून उतरणं कधीही नको.

घरी आल्यावर

गाडी मेन स्टँडवर लावा आणि थंड होऊ द्या. मग टॉर्च घेऊन खाली पाहा, ठिपका पडलाय का. गाडीला कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) असेल तर त्याची पातळी खुणांच्या मधे आहे का ते पाहा. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. आरसे, मागची दांडी, नंबरप्लेट यांचे बोल्ट हाताने हलवून पाहा. धुताना प्रेशरचा फवारा डाव्या बाजूच्या पट्ट्याच्या कव्हरवर मारू नका. तिथे हवा आत जायची वाट असते. पावसाळ्यात भुयारी मार्गात साचलेल्या पाण्यात गाडी घालू नये, त्याचंही हेच कारण. पट्टा भिजला की इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही.

पहिल्या सर्व्हिसला इंजिन ऑइलबरोबर मागच्या चाकाजवळचं गिअर ऑइलही बदललं का, हे तोंडी विचारा आणि बिलावर पाहा. ते वेगळं असतं, थोडंसंच लागतं, आणि म्हणूनच विसरलं जातं. प्रवासात जाणवलेलं सगळं कागदावर लिहून न्या: किती वेगाला थरथर, कोणत्या खड्ड्याला आवाज. “गाडी बरोबर वाटत नाही” एवढ्यावर मेकॅनिक काही करू शकत नाही.

मागे कुणाला बसवायची घाई करू नका. मी पाचशे किलोमीटरनंतर आईला बसवलं. मागची सीट उंच आणि रुंद. साडीत एका बाजूला बसणं तिला जमेना, आणि ते सुरक्षितही नव्हतं. पुढच्या वेळी ती पंजाबी ड्रेस घालून आली, दोन्हीकडे पाय टाकून बसली, हेल्मेट घालून, हात दांडीवर. चढताना आपण दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवायचे, दोन्ही ब्रेक दाबायचे, आणि “हं, बस आता” म्हटल्याशिवाय मागच्याने पाय उचलायचा नाही. ती बसल्यावर मागचा भाग खाली दबतो. म्हणून निघण्याआधी हवा डबलसीटच्या आकड्याला हवी, सस्पेन्शनचा कडकपणा बदलता येत असेल तर एक खाच वाढवायची, आणि आरसे पुन्हा लावायचे. नाहीतर त्यांत मागच्या गाड्यांऐवजी नुसतं डांबर दिसतं, आणि रात्री आपला हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो.